डोंगर उचलला, खोरे भरले



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मुलांना वर्गाबाहेर नेल्याशिवाय भूगोलाचा धडा संपला असे मानत नसत. त्यामुळे संयोजकांनी मला बोलायला बोलावले तेव्हा मी एकच अट घातली: आधी सहल, मग व्याख्यान. जे आले होते त्यांच्यासाठी आजचे बोलणे म्हणजे उजळणी. जे आले नाहीत त्यांनी ऐकून घ्यावे आणि एखाद्या रविवारी स्वतः जाऊन पाहावे. यातल्या एकाही जागेला तिकीट नाही, आणि दगड कुठे पळून जात नाहीत.

सुरुवात चाळीसगावहून वर चढणाऱ्या कन्नड घाटात झाली. जुनी माणसे त्याला औट्रम घाट म्हणतात, खान्देशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमच्या नावावरून. तिथे एका वळणावर मुलांपैकी कुणीतरी विचारले, ‘सर, हा डोंगर उभा कधी राहिला?’ मी म्हटले, हा उभा राहिलाच नाही. मुले हसली. त्यांना वाटले, सर टोलवताहेत.

पण उत्तर खरोखरच तेवढे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, थोडे नेमके सांगायचे तर ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास, इथल्या जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. तो कोण्या एका शंकूच्या तोंडातून उसळला नाही. लांबच लांब भेगांतून वर आला आणि पसरत गेला. एक थर थंड झाला, त्यावर दुसरा आला, त्यावर तिसरा. आज शिल्लक असलेला हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे, आणि मूळचा पसारा याहून मोठा होता. घाटात रस्त्याकडेच्या कापात हे थर एकावर एक आडवे दिसतात. खाली घट्ट काळा पाषाण, त्यावर बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला मांजऱ्या, मध्येच गेरूसारखी लाल मातीची पट्टी, आणि पुन्हा काळा पाषाण. दोन उद्रेकांच्या मधल्या उसंतीत वरचा थर ऊनपावसाने कुजला, त्याची ही लाल पट्टी झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. अजिंठ्याची रांग म्हणजे या थरांचा उरलेला भाग. पाण्याने आणि उन्हाने उत्तरेकडचा दगड झिजवत नेला, कडा हळूहळू दक्षिणेला सरकत गेला. आज आपल्याला जो डोंगर दिसतो तो उचललेला नाही, न झिजता राहिलेला आहे. पितळखोऱ्याची लेणी याच आडव्या थरांत कोरली. कारागिरांनी जाड, अखंड थर शोधून काढला असणार. धुळ्याजवळचा लळिंगचा किल्लाही याच जातीचा. फारुकी राजांनी तो नांदता केला आणि वर खडकात पाण्याची टाकी खोदून घेतली, कारण त्या माथ्यावर विहीर खोदून फायदा नाही हे त्यांना कळत होते. थर आडवे, डोंगर चहूबाजूंनी तुटलेला, पडलेले पाणी कड्यांतून पाझरून जाणार. दर ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यापाशी माणसांची रीघ लागते, बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये तिथे मुक्कामाला होते म्हणून. त्या दिवशी जाणाऱ्यांनी समोरच्या डोंगराचे थरही एकदा मोजून पाहावेत, एवढीच माझी विनंती आहे.

अजिंठा-सातमाळा ही खान्देशाची दक्षिणेची भिंत झाली. उत्तरेची भिंत सातपुडा. नकाशावर दोन्ही डोंगररांगाच दिसतात, दगडही एकाच कुळातला. पण सातपुड्याची जन्मकथा निराळी आहे, आणि माझ्या मते चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांतल्या प्रत्येक विहिरीचे नशीब त्या निराळेपणात आहे.

डोंगर घडणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय येतो. दोन भूखंड भिडले, मधल्या थरांच्या घड्या पडल्या, शाळेच्या पुस्तकातले ते चित्र. सहलीत काही जण सातपुड्यात त्या घड्या शोधत होते. त्या तिथे मिळणार नाहीत. खान्देशातला सातपुडा म्हणजे दोन बाजूंच्या भेगांमधून वर सरकलेला कवचाचा एक प्रचंड ठोकळा. त्याच्या उत्तरेला नर्मदेचे खोरे, दक्षिणेला तापीचे. भारतातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला वाहतात. या दोघी पश्चिमेला जातात, कारण त्यांना मार्ग पावसाने आखून दिला नाही, भेगांनी दिला. नर्मदा-सोन रेषेविषयी भूवैज्ञानिक पिढ्यानुपिढ्या लिहीत आले. विल्यम ब्लॅनफर्ड याने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांवर १८६९ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातला खान्देश घोड्यावरून आणि पायी पाहिलेला आहे. तेव्हा उपग्रह नव्हते, भूकंपमापके नव्हती. तरी त्याच्या नजरेतून फारसे सुटले नाही.

मग सातपुडा उचलला गेला, हे दगड बघून कसे कळते? तीन खुणा सांगतो.

पहिली खूण, पायथ्याची रेघ. चोपड्याहून यावलमार्गे रावेरला जाताना डावीकडे सातपुडा सोबत चालतो. त्याचा पायथा पाहा. झिजेने राहिलेल्या डोंगराला दात पडतात, खाचा पडतात, सोंडा पुढे येतात. अजिंठ्याच्या रांगेत त्या जागोजागी दिसतात. सातपुड्याचा पायथा मात्र कित्येक किलोमीटर जवळजवळ सरळ रेषेत जातो, पूर्व-ईशान्येकडून पश्चिम-नैर्ऋत्येकडे. तापीचा उत्तर विभंग म्हणतात तो याच पट्ट्यात. याच्या उत्तरेची बाजू वर गेली, दक्षिणेची खाली राहिली. थरही सगळीकडे आडवे राहिलेले नाहीत. पायथ्याजवळ ते काही अंशांनी कललेले सापडतात.

दुसरी खूण, गरम पाणी. अडावदजवळच्या उनपदेवला आम्ही थांबलो. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारला आणि ऊन पाणी निघाले, ही कथा तिथे प्रत्येकाला ठाऊक आहे. कथेला माझी काहीच हरकत नाही. उलट तिच्यात एक बारकावा आहे जो भूगर्भशास्त्रालाही मान्य व्हावा: पाणी खोलवर भेद पडल्याशिवाय निघाले नाही. पावसाचे पाणी भेगांतून खूप खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. खाली ज्वालामुखी जागा असावा लागत नाही. भेग खोल असली की पुरे. उनपदेव, सुनपदेव, नाझरदेव हे सगळे झरे सातपुड्याच्या पायथ्याला, त्या सरळ रेघेच्या आसपासच आहेत. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नव्हे.

तिसरी खूण म्हणजे धक्का. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्याच्या पट्ट्यात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे केंद्र जमिनीखाली सुमारे ४० किलोमीटर होते, म्हणून वर नासधूस मर्यादित राहिली आणि म्हणूनच तो लोकांच्या आठवणीतूनही गेला. याच मोठ्या पट्ट्याच्या पूर्व टोकाकडे जबलपूरला २२ मे १९९७ रोजी जमीन हलली, तिथे मात्र माणसे दगावली. भारताचे भूपट्ट अजून उत्तरेला रेटा देत आहे. हिमालयात तो रेटा घड्या पाडतो. इथे जुन्या कच्च्या रेषांना पिळतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दगड म्हटल्यावर सगळे संपले असे वाटते, पण लाव्हा थंड झाला म्हणून खालची जमीन स्वस्थ बसली नाही.

त्या जुन्या रेषांचा सर्वांत देखणा पुरावा साक्री तालुक्यात आहे, आणि सहलीत मी तिथे सर्वांत जास्त वेळ काढला. घड्याळाकडे बघणाऱ्यांची आजही माफी मागणार नाही.

साक्री, शिंदखेडा आणि त्यापलीकडे नंदुरबारपर्यंत शेतांमधून काळ्या दगडांचे लांबट, अरुंद उंचवटे जाताना दिसतात. लोक त्यांना टेकड्या समजतात. जवळ गेले की कळते, हे थर नव्हेत, या भिंती आहेत: आडव्या दगडात उभ्या घुसलेल्या. लाव्हा ज्या भेगांतून वर येत होता त्या भेगांमध्येच शेवटचा रस गोठला. भोवतालचा दगड झिजला, भिंत उरली. भूगर्भशास्त्रात त्यांना डाईक म्हणतात. रे, शेठ आणि मलिक या संशोधकांनी २००७ मध्ये नंदुरबार-धुळे भागातल्या २१० डाईकांची मोजणी प्रसिद्ध केली. सर्वांत लांब भिंत ७९ किलोमीटरची भरली, आणि जाडी काही मीटरपासून ६२ मीटरपर्यंत. मुख्य दिशा जवळपास पूर्व-पश्चिम.

या दिशेकडे लक्ष द्या. भिंती पूर्व-पश्चिम आहेत, म्हणजे भेगा पूर्व-पश्चिम उघडल्या, म्हणजे तेव्हा जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती. आज त्याच पट्ट्याला उत्तर-दक्षिण दाब आहे. आधी ताणले, मग दाबले, आणि दोन्ही वेळा जमीन मोडली ती त्याच दिशेच्या रेघांवर. सातपुडा वर जाण्याची तयारी सातपुडा नव्हता तेव्हाच झाली होती, असे मला साक्रीच्या माळावर उभे राहून नेहमी वाटते.

आणि इथेच पाण्याचा विषय सुरू होतो. साक्री हा कमी पावसाचा तालुका. वर काळा पाषाण, ज्यात घट्ट थराला पाणी धरायला जागाच नाही. पाणी असते ते वरच्या मुरमात, मांजऱ्याच्या जोडलेल्या पोकळ्यांत आणि सांध्या-भेगांत. आता अशा दगडात जमिनीखालून उताराने सरकणाऱ्या पाण्याला वाटेत डाईक आडवी आली तर काय होईल? डाईक घट्ट असेल तर ती जमिनीखालचा बंधारा होते. वरच्या अंगाला पाणी तुंबते, खालच्या अंगाची विहीर कोरडी राहते. डाईकलाच भरपूर सांधे पडले असतील तर ती स्वतः पाणी धरते आणि लांबवर वाहून नेते. साक्री तालुक्यातल्या डाईक भूजलाचे साठे म्हणून कशा उपयोगी पडू शकतात, यावर पुण्याचे रेमंड दुराईस्वामी यांनी २००५ मध्ये सविस्तर लिहिले आहे. एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन भावांच्या विहिरी, एकीला बारा महिने पाणी, दुसरीला मार्गशीर्षात खडखडाट. अशी उदाहरणे गावोगावी ऐकू येतात, आणि लोक ती नशिबाच्या खात्यावर टाकतात. त्यात कित्येकदा नशीब कमी आणि डाईक जास्त असते. पाणाड्या नारळ घेऊन फिरतो तेव्हा त्यालाही पायाखालची भिंत दिसत असेल, तर त्याचे उत्तर बरोबर येते. श्रेय मात्र नारळाला जाते.

साक्रीहून निघून मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेला गेलो आणि सावळद्याला तापी ओलांडली. पुलावर थांबून काठ पाहिले. दगड संपला. काठ मातीचे, उभे, ओघळींनी चिरलेले. पिवळसर माती, मध्येच वाळूचा पट्टा, कुठे गोट्यांची रांग, पांढऱ्या चुनखडीचे खडे. ही तापीने आणि तिच्या उपनद्यांनी आणून टाकलेली गाळाची भर. काही लाख वर्षांतली. म्हणजे बेसाल्टच्या हिशेबात अगदी अलीकडची.

प्रश्न असा, की नदी एवढा गाळ एकाच जागी का टाकते? नदी तर वाहून नेते. उत्तर पुन्हा सातपुड्याकडे जाते. विभंगाच्या उत्तरेची बाजू वर जात राहिली, दक्षिणेची खचत राहिली. खचलेल्या भागात नदीने आणलेले सगळे साठत गेले. डोंगर जितका वर, खड्डा तितका खोल, आणि खड्डा जितका खोल तितका गाळ जाड. हे खोरे सपाट तळाचे नाही. दक्षिणेला, धुळे-अमळनेरच्या बाजूला गाळ पातळ आहे, खाली लगेच कातळ लागतो. उत्तरेला सरकावे तसा तो जाड होत जातो आणि सातपुड्याच्या पायथ्याशी कित्येकशे फूट खाली जातो. एका अंगाला कललेल्या परातीत पाणी ओतले तर ते ज्या बाजूला साचेल, ती बाजू यावल-रावेरची.

आता आकडे पाहू. देशात भूजल मोजायची जी अधिकृत पद्धत आहे, तिच्यात मांजऱ्या किंवा कुजलेल्या बेसाल्टमधून शंभर घनमीटर दगडामागे उपसता येणारे पाणी २ घनमीटर धरतात. वाळूमिश्रित गाळात तेच १६, गाळवट मातीत १०, चिकणमाती असलेल्या गाळात ६. म्हणजे शिरपूरच्या वाळूच्या थरात साक्रीच्या दगडाच्या आठपट पाणी मावते. चोपडा ते रावेर पट्ट्यात केळीचे बाग उभे राहिले ते शेतकऱ्यांच्या कष्टाने, यात वाद नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते योग्यच झाले. पण भौगोलिक या शब्दाचा पूर्ण अर्थ घ्यायचा तर मानांकनाच्या कागदावर तापीच्या विभंगाचेही नाव हवे होते. कष्ट साक्रीचा शेतकरीही करतो. त्याला हा खड्डा मिळाला नाही.

याच गाळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. चांगदेवला तापीला पूर्णा मिळते. तिच्या वरच्या खोऱ्यात, बुलढाणा-अकोला-अमरावतीत, असाच जाड गाळ आहे. तिथे खारपाणपट्टा आहे. विहिरी भरलेल्या असतात आणि पाणी तोंडात घेववत नाही. जाड गाळ म्हणजे गोडे पाणी, असा नियम नाही. वरून पाणी आत शिरून खालचे पाणी धुऊन नेत राहिले तर साठा गोडा राहतो. आपल्याकडे ते काम सातपुड्याच्या पायथ्याची एक अरुंद पट्टी करते. माझ्या सहलीचा शेवट तिथेच होता, आणि आजच्या बोलण्याचा गाभाही तिथेच आहे.

सुकी, मोर, गुळी, अनेर या सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या पाहा. डोंगरात त्या उड्या मारत येतात. पायथ्याला उतार एकदम मोडतो, वेग संपतो आणि हातातले सगळे ओझे तिथेच टाकावे लागते. आधी मोठे धोंडे, मग गोटे, मग खडी, वाळू. शेजारशेजारच्या नद्यांचे असे पंखे एकमेकांत मिसळून पायथ्याला सलग पट्टा झाला आहे. त्याला बझाडा म्हणतात. परदेशी शब्द, पण जळगाव जिल्ह्यात पाणी खात्याच्या कागदांतून तो शेतकऱ्यांच्या तोंडी बसला आहे. पावसाळ्यात डोंगरातून भरून आलेली नदी या पट्ट्यात काही अंतर चालते आणि पात्रातच बारीक होत जाते. पाणी धोंड्यांमधून खाली उतरते, आणि मग जमिनीखालून दक्षिणेला, गाळाच्या वाळूच्या थरांत सरकते. रावेरच्या शेतावर पडणारा पाऊस, वर्षाचे सहाशे-सातशे मिलिमीटर, चिकणमातीच्या थरांना भेदून फार खाली जात नाही. खोल ट्यूबवेलमध्ये येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा दुसऱ्याच्या शिवारातून, डोंगराच्या पायथ्यातून येतो.

हे ध्यानात न घेता आपण उपसत गेलो. आधी विहीर, मग विहिरीत आडवे-उभे बोअर, मग ट्यूबवेल, मग त्याहून खोल ट्यूबवेल. रावेर आणि यावल ही दोन नावे अतिशोषित तालुक्यांच्या सरकारी यादीत पुन्हा पुन्हा आली. ठिबकचे माहेरघर म्हणून जळगावचे नाव जगात गेले, तरीही. यात विसंगती नाही. ठिबकने एका झाडामागचे पाणी वाचते; वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी झाडे लावली. साठ्याच्या हिशेबात तो व्यवहार शून्यावर येतो, किंवा उणे.

उपायही इथेच शोधले गेले. केंद्रीय भूजल मंडळाने यावल तालुक्यातल्या टीई-१७ या पाणलोटात कृत्रिम पुनर्भरणाचे प्रयोग केले: पाझर तलाव, पुनर्भरणाचे शाफ्ट, इंजेक्शन विहीर. देशातल्या अशा सुरुवातीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. शिरपूरला राज्याच्या भूजल यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने २००४ पासून नाले रुंद आणि खोल केले. तोच शिरपूर पॅटर्न. सहलीत एका नाल्याच्या कापात मी त्यामागचा तर्क दाखवला. वर काही मीटर पिवळी चिकट माती, तिच्यातून पाणी खाली जात नाही. तिच्याखाली वाळू, जी पाणी प्यायला आसुसलेली. चिकट थर कापला की नाल्यातले पाणी थेट वाळूला भेटते. जिथे हा क्रम आहे, तिथे हा उपाय चपखल आहे.

अडचण त्यापुढची. शिरपूर गाजले आणि त्याची नक्कल राज्यभर सुरू झाली. पोकलेन कुठेही चालते, त्याला भूगर्भशास्त्र लागत नाही. बेसाल्टच्या मुलखात नाला दहा-पंधरा मीटर खणला की बहुतेकदा आपण पाणी धरणारा मुरूम आणि मांजऱ्याच काढून बाहेर फेकतो, आणि खाली काळा पाषाण उघडा पाडतो. त्यात साचलेले पाणी डोळ्यांना छान दिसते, फोटोही चांगला येतो. पण ते उघड्यावरचे पाणी आहे, वैशाखाच्या उन्हात उडून जाणारे, आणि शेजारच्या विहिरींचा पाझर नाल्यात ओढून घेणारे. एकाच धुळे जिल्ह्यात शिरपूरला जे औषध आहे ते साक्रीला अपाय करू शकते. तालुक्यांच्या सीमा कागदावर आहेत; दगडाची सीमा तापीच्या काठाने जाते. योजना आखताना आपण कागदावरची सीमा पाहतो. हे मला पटलेले नाही, आणि ते मी संबंधितांच्या तोंडावरही बोललो आहे.

आता बझाड्याच्या नावाने मोठी योजना आली आहे. तापी खोरे मेगा रिचार्ज. वर्षानुवर्षे चर्चेत असलेल्या या योजनेवर १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी करार केला. पुराचे ३१.१३ टीएमसी पाणी वळवायचे, त्यातले १९.३६ टीएमसी महाराष्ट्राला आणि ११.७६ मध्य प्रदेशाला. खारिया गुटीघाट इथे बंधारा घालायचा आणि कालव्यांनी पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी नेऊन बझाड्यात मुरवायचे. कल्पना भूगर्भशास्त्राला धरून आहे, हे मी आनंदाने सांगतो. जिथून निसर्ग हा खड्डा भरतो, तिथूनच आपण भरणार आहोत. शंका एकाच गोष्टीची आहे. पुराचे पाणी गढूळ असते. धोंड्यांच्या फटीतून ते उतरू लागले की बारीक गाळ त्या फटींवर बसतो, आणि काही हंगामांत पट्ट्याचे तोंड बंद होते. पाणी आधी निवळवायचे, मुरवायची तळी दर उन्हाळ्यात खरवडायची, हे काम कोण करणार? बंधाऱ्याचे उद्घाटन असते. तळे खरवडण्याचे उद्घाटन मी अजून पाहिलेले नाही.

दुसरी गोष्ट. समजा पाणी मुरले. मग ते कुणाचे?

हा प्रश्न खान्देशाला नवा नाही. पांझरा, कान, बुराई, मोसम या नद्यांवर आपल्या पूर्वजांनी फड पद्धत चालवली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, लाभक्षेत्राचे फड, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. यंदा ऊस कुठल्या फडात आणि चारा कुठल्या फडात, हे सगळे मिळून ठरवायचे, आणि दरवर्षी पाळी फिरायची. पाटकरी, जागल्या, हवालदार, बारेकरी अशी माणसे नेमलेली, त्यांचा मोबदला गावाने द्यायचा. पाणी कमी पडले की फड कमी करायचे. एकट्याचे पीक वाळणार नाही आणि एकट्याचे पिकणारही नाही. धुळ्याच्या पांझरेवरच्या या व्यवस्थेचा अभ्यास करायला लांबून माणसे आली. तिच्यात जातीपातीचे आणि मानापानाचे प्रश्न होते, हेही खरे; मी तिला सोन्याने मढवणार नाही. पण पाटातले पाणी डोळ्यांना दिसत होते, म्हणून त्याचा हिशेब ठेवता आला.

जमिनीखालचे पाणी दिसत नाही, म्हणून ते ज्याच्या शेताखाली त्याचे, असा आपला समज झाला. इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने तो पक्का केला. विभंगाच्या खड्ड्यातले पाणी तर एकाच शेताखाली नाही. वरच्या अंगाचा ट्यूबवेल चालला की खालच्या अंगाची पातळी खचते, आणि बझाड्यात घर बांधून वाळू उपसली तर दोघांचीही. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा; तो १ जून २०१४ पासून लागू झाला. त्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. बेसाल्टच्या मुलखात या मर्यादेला अर्थ आहे. यावल-रावेरात बऱ्याच ठिकाणी ६० मीटरला पाणीच लागत नाही, तेव्हा तिथे हे कलम पाळायचे म्हणजे शेती सोडायची. जो कायदा पाळणे अशक्य, तो सगळेच मोडतात. मग त्यातली पाळता येण्याजोगी कलमेही कुणी पाळत नाही. गाळाच्या मुलखासाठी खोलीची मर्यादा नको, उपशाची मर्यादा हवी, आणि ती गावनिहाय नको, जलधरनिहाय, म्हणजे पाणी धरणाऱ्या सलग थरानुसार हवी. पायथ्यापासून तापीपर्यंतची गावे एका पाटावर बसलेली आहेत असे धरून त्यांची एक बैठक घेता येते. फडाला जसे हवालदार होते तसे इथे पातळी मोजणारे लागतील. ही माणसे बाहेरून आणायची गरज नाही.

त्यासाठी आधी एक साधी गोष्ट हवी: खाली नेमके काय आहे याची नोंद. खान्देशात रोज कुठे ना कुठे बोअर होत असते. मशीनवाला इतक्या फुटांना पिवळी माती, इतक्या फुटांना वाळू, इतक्या फुटांना गोटा, इतक्या फुटांना काळा पाषाण असे तोंडाने सांगत असतो, कारण त्याला बिल फुटांवर करायचे असते. ते बिल चुकते झाले की माहिती गेली. सरकारी निरीक्षण विहिरी आहेत, त्यांच्या नोंदीही आहेत, पण एका तालुक्याच्या खालचा खड्डा रेखाटायला त्या पुरत नाहीत.

सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांनी बोअर किंवा ट्यूबवेल घेतला आहे त्यांनी गावाचे नाव, एकूण खोली आणि कुठल्या फुटाला काय लागले एवढे लिहावे. स्वतःचे नाव नको, गट नंबरही नको. पाणी किती लागले हे कुणाला सांगायचे नसेल तर तेही नको. बोअर कोरडा गेला असेल तर तो मात्र जरूर लिहा, कारण लोक नेमकी तीच नोंद लपवतात आणि नकाशा काढणाऱ्याला तीच सर्वांत जास्त लागते. महाविद्यालयाची मुले यंदाच्या दिवाळीनंतर त्या नोंदी गावांच्या नकाशावर चढवायला बसणार आहेत. चोपडा आणि यावलपासून सुरुवात करू, साक्रीच्या मंडळींची पाने वेगळी ठेवू.

आता कुणाचे काही प्रश्न असतील तर ते घेतो.